पोर्टल ही आजची मोडी आहे

२२ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी मुंबईला आदेश दिला, की एका दलित विद्यार्थ्याला त्याची जागा द्या. प्रवेश परीक्षा तो पास झाला होता, जागाही मिळाली होती. पण ऑनलाइन फी भरताना कार्डाचा व्यवहार होईना आणि मुदत संपली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा तसेच प्रकरण. या वेळी आयआयटी धनबाद. उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला १७,५०० रुपये २४ जूनच्या संध्याकाळी पाचच्या आत भरायचे होते. गावातून पैसे जमेपर्यंत वेळ संपत आली आणि पैसे भरण्याआधी पोर्टल बंद झाले. दोन्ही वेळा न्यायालयाला राज्यघटनेच्या कलम १४२ मधला विशेष अधिकार वापरावा लागला.

या बातम्या आपण ‘अखेर न्याय मिळाला’ म्हणून एकमेकांना पाठवल्या. जी मुले दिल्लीपर्यंत पोहोचली नाहीत त्यांची बातमी झाली नाही. त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरला किंवा ती कामाला लागली. इथे प्रश्न गुणवत्तेचा नव्हताच, ती तर परीक्षेत सिद्ध झाली होती. परीक्षा आणि वर्ग यांच्या मध्ये एक अरुंद वाट आहे. लॉगिन, ओटीपी, अपलोड, पेमेंट, मुदत. आपली मुले या वाटेवर गळतात. आरक्षणावर रोज वाद घालणाऱ्या टीव्हीवरच्या मंडळींना ही वाट दिसत नाही, कारण ती त्यांच्या घरात कधी कुणाला अडवत नाही.

मला या वाटेबद्दल बोलायचे आहे, आणि आपल्या खिशातल्या फोनबद्दलही. कारण फोन आपण सगळेच वापरतो, पण त्याला आपल्या कामाला जुंपत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला निवेदन दिले. गावच्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे, हे त्यात त्यांनी सांगितले. मोडी आणि बाळबोध या दोन्ही लिप्यांचे लेखन-वाचन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य. यात मोडी का, हे समजून घ्यायला हवे. तेव्हाचा व्यवहार मोडीत चाले. सावकाराचा रोखा मोडीत, गावचे दफ्तर मोडीत. ज्याला मोडी येत नाही, त्याने कुलकर्ण्याने वाचून दाखवलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा आणि अंगठा उठवायचा. या कागदी लुटीबद्दल फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पोटतिडकीने लिहिले आहे. ज्या लिपीत तुम्हाला लुटले जाते, ती लिपी आधी शिका, असा त्या मागणीचा अर्थ मी घेते.

पोर्टल ही आजची मोडी आहे. कॅफेत बसून आपल्या मायबापाचा ओटीपी मागून घेणारा, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवणारा माणूस आज कुलकर्ण्याच्या जागी बसला आहे. तो माणूस वाईट असेलच असे नाही, अनेकदा तो आपल्याच वस्तीतला असतो. पण कागद त्याच्या हातात आणि अंगठा आपला, ही मांडणी तीच आहे.

मी मूळची निलंगा तालुक्यातली, घरातली पहिली पदवीधर. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. बोम्मसंद्रा म्हणजे बंगळुरूचे होसूर रस्त्यावरचे दक्षिण टोक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे हे शेवटचे स्थानक. इथे देशभरातली पोरेपोरी शिफ्टमध्ये काम करतात आणि पीजीच्या खोल्यांत राहतात. कारखान्याची शिफ्ट संपली की माझी दुसरी शिफ्ट सुरू होते. मायचे निराधार योजनेचे पैसे, धाकट्या भावाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, चुलत बहिणीची जात पडताळणी, गल्लीतल्या चार पोरांची हॉल तिकिटे. हे वाचणाऱ्या बहुतेकांचे असेच चालले असेल. आपण प्रत्येक जण आपापल्या वस्तीचे चालतेबोलते सेतू केंद्र आहोत.

सवर्ण मध्यमवर्गीय घरात ही दुसरी शिफ्ट नसते असे नाही, पण ती वाटलेली असते. काका बँकेत, मावशी शाळेत मुख्याध्यापक, शेजारी वकील, मामेभाऊ दोन वर्षांपूर्वी त्याच कॉलेजात शिकलेला. कुठला कागद कधी लागतो हे जेवताना कानावर पडते. त्यांना आठवण करून द्यायला माणसे आहेत. आपल्याकडे ती माणसे अजून तयार व्हायची आहेत. तोवर त्या मामेभावाचे थोडेसे काम यंत्राकडून करून घ्यावे लागते. मी फोन आणि एका जुन्या लॅपटॉपवर ज्या लहानसहान खटपटी करते, त्या याच कारणासाठी.

पहिली खटपट मुदतीची. तारखांची एक साधी एक्सेल शीट आहे. फॉर्मचे नाव आणि शेवटची तारीख यांच्या पुढे एक रकाना आहे: ‘पैसे कुठून आणि किती दिवसांत’. पगारातून असतील तर शून्य दिवस. गटातून उचलायचे असतील तर सात दिवस. कुणाकडून उसने घ्यायचे असतील तर दहा दिवस. शीट शेवटच्या तारखेतून हे दिवस वजा करते, वर सर्व्हर बसण्याचे तीन दिवस आणखी वजा करते, आणि जी तारीख निघते तीच फोनच्या कॅलेंडरमध्ये जाते. आमच्या घरात ‘शेवटची तारीख’ म्हणजे हीच. बाजारात मिळणाऱ्या एकाही आठवण करून देणाऱ्या ॲपमध्ये हा रकाना नाही. ती ॲप ज्यांनी बनवली त्यांच्या घरात फी भरणे आणि फी जमवणे ही दोन वेगळी कामे नसावीत. आयआयटी धनबादच्या प्रकरणात नेमकी हीच दरी होती. मुदत पैसे भरण्याची दिली गेली, जमवण्याची नाही.

दुसरी खटपट कागदांची. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या माणसाकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्यांना शाळेच्या दारात उभे केले जात नव्हते, त्यांच्याकडे त्या काळातला शाळेचा दाखला मागायचा, यातली क्रूरता वेगळी सांगायला नको. म्हणून ज्या घरात आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावाचा एखादा पिवळा पडलेला निर्गम उतारा सापडतो, त्या घरात तो सोन्यापेक्षा मोलाचा असतो. तो एका पत्र्याच्या पेटीत असतो आणि भावकीतल्या प्रत्येकाला लागतो. आमच्या भावकीतल्या चौदा जणांचे सगळे कागद मी चांगल्या उजेडात स्कॅन करून ठेवले आहेत. फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग माणसाचे नाव, मग कागद, मग तो कधीपर्यंत चालतो ते. अशा नावांमुळे फाइली आपोआप रांगेत लागतात. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक भावाकडे.

त्यापुढची अडचण ‘केबी’ची. एका पोर्टलला फोटो ५० केबीचा हवा, दुसऱ्याला सही २० केबीची. यासाठी दर वेळी कॅफेत पैसे आणि वेळ जातो. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि इमेजमॅजिक नावाचे फुकट मिळणारे साधन आहे. त्याला आठ ओळींच्या सूचना लिहून ठेवल्या आहेत. एका फोल्डरमध्ये फोटो टाकला की शेजारच्या फोल्डरमध्ये त्याचे तीन आकार तयार होतात. या आठ ओळी लिहायला संगणकाची पदवी लागत नाही. एक रविवार आणि थोडा चिवटपणा लागतो.

तिसरी खटपट मायच्या फोनची. माय शिकलेली नाही. पैसे जमा झाल्याचा मेसेज इंग्रजीत येतो. तो वाचता येत नाही म्हणून ती तालुक्याच्या बँकेत जायची. पैसे आले नसतील तर तसेच परत. जाण्यायेण्यात एका दिवसाची मजुरी बुडायची. आता तिच्या फोनच्या पहिल्या पडद्यावर चारच चित्रे आहेत. माझा फोटो, भावाचा फोटो, दवाखाना आणि पैशाची थैली. थैलीला बोट लावले की फोन बँकेच्या शेवटच्या मेसेजमधला आकडा तेवढा उचलतो आणि मराठीत बोलतो. आपोआप बोलत नाही, बोट लावल्यावरच बोलतो, कारण किती पैसे आले हे शेजाऱ्यांनी ऐकायची गरज नाही. आणि ओटीपीचा मेसेज तो कधीच वाचत नाही. जे ॲप मेसेज वाचते त्याच्या हातात आपल्या घराची किल्ली असते. म्हणून असे ॲप निवडताना त्याला इंटरनेटची परवानगी लागते का, त्याची रचना उघडी आहे का, हे आधी पाहायचे.

चौथी खटपट वेळेची. आमच्याकडे शिफ्ट आठवड्याला बदलते. रात्रपाळी करून सकाळी झोपलेल्या माणसाला कर्जवाल्यांचे फोन उठवतात. शिफ्टचा तक्ता एकदा कॅलेंडरमध्ये भरला की फोन त्या तासांत स्वतःच गप्प होतो. घरचे तीन नंबर सोडून कुणाचाही फोन वाजत नाही. गोष्ट लहान आहे. पण कर्नाटकाने २०२३ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती करून आठवड्याची ४८ तासांची मर्यादा ठेवत दिवसाला १२ तासांपर्यंत काम घेण्याची मुभा दिली आहे. अशा काळात झोपेचे सलग सहा तास राखणे ही चैन नाही.

इथे एक सावधगिरी हवी. यूट्यूबवर ‘प्रॉडक्टिव्हिटी’ शिकवणाऱ्या माणसाच्या मागे पुस्तकांचे कपाट आणि समोर लाखाचा टॅबलेट असतो. वाचवलेल्या वेळात आणखी काम करा, हे त्याचे तत्त्वज्ञान. ते मालकाच्या सोयीचे आहे. वाचलेला वेळ आपल्याकडे आला पाहिजे, ओव्हरटाइमकडे नाही. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले. त्यातले इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते खंड फोनला मोठ्याने वाचायला लावता येतात. मी कामावर जाता-येता ते ऐकते. जुन्या मराठी पीडीएफची अडचण अशी, की श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली अक्षरे फोनला कळत नाहीत, तो काहीतरी भलतेच बरळतो. तिथे टेसरॅक्ट हे अक्षरे ओळखणारे मुक्त साधन वापरावे लागते, त्याला मराठी येते. चुका राहतात, त्या बसून दुरुस्त कराव्या लागतात. पण एकदा दुरुस्त केलेले पान मग ज्याला वाचता येत नाही अशा मायलाही ऐकता येते.

कुणी म्हणेल, याला इतके काय महत्त्व, हे तर जुगाड. हा शब्द कुणाला कसा लागतो ते पाहा. व्यवस्थापनाच्या वर्गात तो कौतुकाने शिकवला जातो, कंपनीत त्याला इनोव्हेशन म्हणतात. कारखान्यांत कायझेनचा फलक असतो. लाइनवर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराने पत्र्याचा तुकडा वाकवून सुटा भाग उलटा बसणार नाही अशी सोय केलेली असते. फलकावर फोटो सुपरवायझरचा लागतो. कल्पना हाताची, श्रेय डोक्याचे, आणि हात कुणाचा व डोके कुणाचे हे आधीच ठरलेले. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातीचे निर्मूलन’मध्ये मांडले. आपले पूर्वज चामडे, लोखंड, बांबू, माती यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या खटपट करत आले. त्यांच्या कौशल्याला विद्या म्हटले गेले नाही. त्यामुळे आज आपल्या मुलीने लॅपटॉपचा पत्रा उघडून रॅम बदलली तर ती नवे काही शिकते आहे असे मी म्हणणार नाही. हात तोच आहे. आता त्या हाताने काय केले ते लिहून ठेवणारे, आणि त्यावर स्वतःचे नाव घालणारे आपण आहोत.

हे एकट्याने करायचे काम नाही, याचे एक उदाहरण याच शहरात आहे. बोम्मसंद्र्याहून पिवळ्या मेट्रोने जयदेव हॉस्पिटल स्थानकावर उतरले की बन्नेरघट्टा रस्त्याच्या बाजूला गुरप्पनपाळ्य लागते. तिथल्या सुदर्शन लेआउट या वस्तीत साधारण दीड दशकापूर्वी ‘आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर’ सुरू झाले. फ्री सॉफ्टवेअर मूव्हमेंट कर्नाटकचे स्वयंसेवक वस्तीतल्या मुलांना लिनक्सवर शिकवत. मुले गिंप या मुक्त साधनात चित्रे काढत. या केंद्राच्या नावात बाबासाहेब आहेत, तो मला योगायोग वाटत नाही. मुक्त सॉफ्टवेअर चार गोष्टींची मोकळीक देते. चालवणे, आतून वाचून समजून घेणे, बदलणे आणि दुसऱ्याला देणे. आतून वाचण्याची आणि बदलण्याची मनाई म्हणजे काय, हे ज्या समाजाला शतकानुशतके माहीत आहे, त्याला या मोकळिकीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या वर्तुळातही माइक बहुतेकदा सवर्ण पुरुषांच्याच हाती असतो, हे मान्य. म्हणून तिथे आपण जायचे नाही असे नाही. जास्त संख्येने जायचे.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. राज्याने नीट पोर्टल बनवायचे नाही, आणि त्याची भरपाई शिफ्ट करून आलेल्या पोरीने आपल्या झोपेतून करायची, हा कुठला न्याय? आक्षेप खरा आहे. माझी एक्सेल शीट ही छत्री आहे, गळके छप्पर त्याने दुरुस्त होत नाही. म्हणून छत्री धरून मागणीही करायची. पेमेंट सुरू झाले आणि अडकले, तर मुदत आपोआप वाढली पाहिजे. प्रत्येक पोर्टलला एक खिडकी आणि एक माणूस असला पाहिजे. एकदा शासनाने पडताळलेला कागद त्याच शासनाच्या दुसऱ्या विभागाने पुन्हा मागता कामा नये. या मागण्या करताना आपल्या त्या तारखांच्या शीट कामाला येतात. कुठल्या पोर्टलवर किती वेळा अडकलो, कधी, कुठला संदेश आला, याची नोंद स्क्रीनशॉटसह ठेवा. ज्याच्याकडे नोंद आहे त्याला अधिकारी हुसकावून लावू शकत नाही, किमान तसे करणे अवघड जाते.

आणि एक गोष्ट जपायची. जातीचा दाखला कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या ग्रुपवर ठेवू नका. बंगळुरूत माझे आडनाव फारसे कुणाला कळत नाही, पण इथल्या मराठी मंडळींच्या एखाद्या ग्रुपवर ते एका सेकंदात कळते, आणि पुढचा प्रश्न ‘लातूरकडचे म्हणजे नक्की कुठले?’ असा येतो. यूपीआयवर पैसे पाठवले की समोरच्याला बँकेतले नाव दिसते. आपली ओळख लपवायची नाही. पण ती कधी, कुणाला आणि कशी सांगायची हे आपण ठरवायचे, फोनने नाही. त्यासाठी फोनच्या परवानग्यांचा पडदा महिन्यातून एकदा उघडून पाहायला दहा मिनिटे पुरतात.

मित्रमैत्रिणींनो, आपण पदवीधर झालो तेव्हा वस्तीला एक फॉर्म भरणारा माणूस मिळाला. तेवढ्यावर थांबलो तर आपणही नवे कुलकर्णीच होऊ, फरक इतकाच की पैसे घेणार नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणाचा फॉर्म भरताना फोन त्याच्या हातात द्या आणि बटणे त्यालाच दाबू द्या. वेळ दुप्पट लागेल. पासवर्ड त्याच्या घरातल्या दहावीच्या मुलीला लक्षात ठेवायला सांगा. आपली शीट, आपल्या आठ ओळी, आपल्या फाइलींची पद्धत मराठीत लिहून वाटा, आणि खाली सांगा की यात हवा तो बदल करा. निलंग्यातल्या माझ्या गल्लीत आता दोन मुली हे काम करतात. त्यातली एक बारावीला आहे. तिने माझ्या शीटमध्ये एक नवा रकाना वाढवला आहे: ‘हे कुणाला शिकवले’.

जय भीम.